शाल उलटून बघताना

पुण्यात दर हिवाळ्यात कुठल्या तरी मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन लागतं आणि मी "नुसती बघायला" जाते. मागच्या खेपेला काश्मिरी शालींच्या स्टॉलवर माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या, सोबत मुलगी. लग्न ठरलेलं असावं, कारण सगळी चर्चा विहीणबाईंच्या मानाच्या शालीवर चालली होती. "अगदी साधी नको, पण झगमगीतही नको, त्या प्रोफेसर आहेत," असं त्या मुलीला दबक्या आवाजात बजावत होत्या. स्टॉलवरचा पोरगा पंचविशीचा, बोलण्यात साखर. त्यानं एक गुलबक्षी शाल झटकून उलगडली, हात पुढे केला आणि म्हणाला, "आंटीजी, ज़रा अंगूठी दीजिए." मग त्यांच्याच बोटातल्या अंगठीत शालीचं टोक सरकवून त्यानं सगळी शाल सर्रकन पार ओढून काढली. आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून एकदम "अय्या!" निघालं. "देखिए, पार हो गई," तो म्हणाला. साडेतीन हजारांत सौदा झाला. स्टॉलच्या मागच्या अंगाला स्टुलावर एक म्हातारे चाचा गुडघ्यावर जुनी शाल पसरून रफू करत बसले होते. ती बाई गेल्यावर मी सहज विचारलं, "चाचा, ही हातानं कातलेली होती का?" सुई न थांबवता ते म्हणाले, "अंगूठी से तो आपका दुपट्टा भी निकल जाएगा, बहनजी."

घरी येऊन मी शिफॉनची ओढणी अंगठीतून ओढून पाहिली. गेली. आईची महेश्वरी अर्ध्यापर्यंत गेली आणि मग मीच थांबले. मला टोचत राहिलं ते वेगळंच. तो पोरगा एक शब्द खोटं बोलला नव्हता. अंगठीतून गेली ती अस्सल पश्मिना, म्हणजे शेळीच्या मऊ लवेची शाल, असा सगळ्यांचा समज; तो फक्त पार झाली म्हणाला, आणि ती झालीच होती. पार झाल्यानं नेमकं काय सिद्ध होतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि त्या बाईंनी विचारलं नाही. अंगठीतून कापड जातं ते पातळ आणि गुळगुळीत असतं म्हणून. व्हिस्कोस जातं, रेशीम जातं, बारीक मेरिनो लोकरही जाते. उलट अंगभर सोझनीचं भरतकाम केलेली अव्वल पश्मिना अंगठीशी अडून बसेल. ही परीक्षा इतकी वर्षं टिकली, कारण ती बघायला मजा येते आणि अंगठी आपली स्वतःची असते.

आमच्या घरात शालींना तोटा नव्हता. वडील शाळेत मुख्याध्यापक, त्यामुळे निवृत्तीनंतरची दहाएक वर्षं प्रत्येक स्नेहसंमेलनातून आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनातून एक शाल आणि एक नारळ घरी येत असे. नारळाची बर्फी व्हायची, शाली पेटीत पडायच्या. चॉकलेटी, मरून, पुन्हा चॉकलेटी. काठाला यंत्राची वेलबुट्टी, कोपऱ्यात चमकता स्टिकर. थंडीच्या रात्री अंधारात त्या अंगावर ओढल्या की चटचट आवाज यायचा आणि बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या. आम्हा भावंडांचा तो खेळच होता. पेटीतली एकच शाल खेळाला बाद होती, कारण तिच्यातून ठिणगी उडत नसे. ती आत्याची. आत्याचे यजमान फौजेत, सत्तरच्या दशकात त्यांची श्रीनगरला नेमणूक होती, तेव्हा तिनं ती घेतलेली. उंदराच्या पाठीचा असतो तसा रंग, त्यावर ना फूल ना पान, ना धड काठ. पाहुण्यांना दाखवावं असं तिच्यात काही नव्हतं. मात्र रात्रीच्या पॅसेंजरमध्ये आत्या मला तिच्यात गुंडाळायची तेव्हा अर्ध्या मिनिटात ऊब यायची आणि अंगावर काही आहे असं वाटायचंच नाही. तिला अक्रोडासारखा, किंचित तुरट वास होता. पुढे ती शाल माझ्याकडे आली तीही "तुला चालेल ना? जुनी आहे" अशा दिलगिरीच्या सुरात.

ती काय चीज आहे हे कळायला मला श्रीनगर गाठावं लागलं. तेही दल सरोवराकाठच्या बुलेव्हार्ड रस्त्यावरच्या शोरूममध्ये नाही. तिथे काहवा, म्हणजे काश्मिरी चहा, चांगला मिळतो आणि किमती ऐकून तो घशाखाली उतरत नाही. ओळखीच्या ओळखीतून झेलमकाठच्या जुन्या शहरात, अरुंद गल्लीतल्या एका घरी गेले. घरातल्या कातणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणत होते, मीही म्हटलं. खिडकीशी गालिच्यावर त्या बसल्या होत्या, समोर यिंदर म्हणजे तिथला चरखा, बाजूला परातीत तांदळाचं पीठ. पीठ कशाला ते मला समजेना. आपांनी पश्मचा, म्हणजे शेळीच्या कच्च्या लवेचा, एक पुंजका घेतला, पिठात हलक्या हातानं मळला, झटकला. लवेत शेळीच्या अंगची चिकटी असते, ती पीठ शोषून घेतं. वर धागा कातताना बोटाला पकड येते. मग त्यांनी तो पुंजका माझ्या तळहातावर ठेवला. सावरीची बोंडं फुटल्यावर जो कापूस हवेत तरंगतो, त्याची आठवण झाली, पण सावरीचा कापूस हाताला गार लागतो. हा पुंजका गरम होत गेला. तळहातावर नव्हे, तळहाताच्या आत कुठे तरी.

कातणं मी बराच वेळ बघत बसले. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात लव. डावा हात चाकापासून लांब, वर, पार कानाच्याही वर जातो आणि त्याच्यामागून धागा निघत येतो, इतका बारीक की खिडकीच्या उजेडात तो मध्येच दिसेनासा होतो. मग हात खाली, धागा गुंडाळला, पुन्हा वर. मध्येच तुटतो. आपा न बघता चिमटीनं जोडतात आणि पुढे जातात. बोलणंही चालूच असतं: सुनेचं बाळंतपण, गॅसचा भाव, माझ्या कपाळावर टिकली का नाही. हे तंतू साधारण बारा ते सोळा मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस याच्या चार-पाच पट जाड. इतका नाजूक तंतू गिरणीतल्या यंत्राचा ताण सोसत नाही. म्हणून यंत्रावर कातायचा तर त्यात नायलॉन मिसळतात, आणि शाल विणून झाली की तो नायलॉन आम्लात विरघळवून काढतात. उरतं ते कागदोपत्री शंभर टक्के पश्मच. पण आम्लातून गेलेल्या तंतूचा जीव गेलेला असतो. अशी शाल पहिल्या हिवाळ्यात फार देखणी दिसते. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात घडीवर विरायला लागते.

आपांना मी मजुरी विचारली. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारली.

कातणाऱ्या बायकांचा हिशेब गाठींवर चालतो: ठरावीक लांबीचे दहा धागे मिळून एक गाठ. कित्येक वर्षं एका गाठीला रुपयाच्या आसपास मिळत असे. अलीकडे दर वाढले, पायानं चालणारे सुधारित चरखेही आले, त्यावर काम भरभर होतं. तरी दिवसभर मान मोडून बसल्यावर पदरात पडणारी रक्कम आपल्याकडच्या रोजंदारीपुढेही लाजावी अशीच. म्हणून आपांची मुलगी कातत नाही. ती बँकेत आहे आणि आईनं हे बंद करावं म्हणून रोज भांडते. आपा हसून म्हणाल्या, "बंद करके क्या करूँ, टीवी देखूँ?" यावर मला काही बोलता आलं नाही. त्या हातातून निघालेली शाल मला हवी होती आणि त्या मुलीनं यिंदरपाशी बसू नये असंही वाटत होतं. या दोन्ही इच्छा एकत्र कशा नांदणार, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

शालीची सुरुवात अर्थात याच्याही आधी, लडाखच्या चांगथांग पठारावर होते. समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवर, जिथे झाड नावाची गोष्ट नाही आणि हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. चांगपा लोक याकच्या केसांच्या तंबूत राहून तिथे शेळ्या पाळतात. थंडी जितकी कडक, तितकी शेळीच्या राठ केसांखालची लव दाट. उन्हाळ्याच्या तोंडाला ती आपसूक सुटायला लागते तेव्हा कंगव्यानं विंचरून काढतात. एका शेळीची वर्षाची कच्ची लव जेमतेम पाव किलो, त्यातले राठ केस काढल्यावर राहते ती निम्म्याहून कमी. साधी मोठी शाल भरते दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन-तीन शेळ्यांचा आख्खा हिवाळा आपण खांद्यावर टाकून फिरतो. जगात कॅश्मिअर म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक चीन आणि मंगोलियाचं. लडाखचा वाटा एक टक्क्याच्याही आत. चीन-मंगोलियाची लव थोडी जाड असते, यंत्रावर निमूट चालते, तिचे स्वेटर सुरेख होतात. त्यात कमीपणा काही नाही. श्रीनगरातही बाहेरून आलेली लव वापरली जाते, हे तिथले व्यापारी दुसऱ्या कपानंतर कबूल करतात. पण विणकर मात्र हाताला लावून सांगतात, ही लेहची आणि ही नाही.

मग आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं? जळका धागा हुंगायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. केस जळल्याचा वास आला की लोकर, कागद जळल्याचा आला की व्हिस्कोस, प्लास्टिकचा गोळा झाला की अॅक्रिलिक. त्यानं सरळसरळ नक्कल पकडली जाते, एवढंच. मेंढीची लोकरही केसासारखीच जळते, आणि मेंढी आणि शेळी यांच्यातलाच तर सगळा झगडा आहे. माझा भरवसा उजेडावर आहे. शाल खिडकीपाशी न्यायची, दोन्ही हातांत ताणून धरायची आणि आरपार बघायचं. हातानं कातलेल्या धाग्यात कुठे किंचित पोट सुटलेलं, कुठे किंचित बारीक. वीण कुठे दाटलेली, कुठे सैलावलेली. मिलच्या मालात धागा इथून तिथून एकसारखा. कातणारीचा हात वर जाताना मध्येच सुनेचा विषय निघाला, ते सगळं त्या उजेडात दिसतं, असं मी कधी कधी म्हणते आणि घरचे हसतात. दुसरं म्हणजे चमक. अस्सल पश्मला चकाकी नसते, तिच्यावर उजेड मुरतो. शाल दुकानातल्या दिव्याखाली झळकायला लागली की तिच्यात रेशीम आहे, नाही तर त्याहून स्वस्त काही. तिसरं, ती काही वेळ हातात नुसती धरून ठेवायची, विक्रेत्याला बोलू द्यायचं आणि आपण गप्प राहायचं. ऊब येते की नाही हे हाताला कळतं. आणि वापरल्यावर पश्मवर बारीक गोळे येतात, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. कधीच गोळे येणार नाहीत अशी हमी देणाऱ्याला घाबरावं.

कागदाचा आधारही आहे. काश्मीर पश्मिनाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोळा मायक्रॉनच्या आतली लव, हाताची कताई, हातमागाची वीण, अशा तीन अटी. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगशाळेत शाल सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिला क्रमांकाची चिठ्ठी लावतात, आता क्यूआर कोडही असतो. २०२३ मध्ये लडाखच्या पश्मिनालाही वेगळं मानांकन मिळालं. ज्यांना उजेडात बघून खात्री होत नाही त्यांनी ही चिठ्ठी मागावी. दुकानदार नाराज झाला तर तेही एक उत्तर समजावं. गोव्यात कळंगुट-हणजुण्याच्या रस्त्यावर काश्मिरी दुकानांतून "पश्मिना, हजारात तीन" अशा पाट्या दिसतात. तिथे चिठ्ठी मागून कुणाचा दिवस खराब करू नये. त्या ओढण्या समुद्राच्या वाऱ्यावर छान दिसतात आणि विकणाऱ्यालाही त्या काय आहेत ते ठाऊक असतं.

कताईनंतरची माणसं तर मी मोजायची सोडून दिली. धागा दुपदरी करून पीळ देणारा वेगळा, ताणा, म्हणजे उभे धागे, लावणारा वेगळा, त्याला भाताच्या पेजेची खळ देणारा वेगळा. विणकर वीण घालतो. कधी साधी, कधी चश्म-ए-बुलबुल, म्हणजे बारीक शंकरपाळ्यांची, बुलबुलच्या डोळ्यांची. शाल मागावरून उतरली की पुरुझगर नावाचा माणूस ती ताणून धरून चिमट्यानं एकेक आगंतुक केस आणि काडी उपटतो. मग धोबी वाहत्या पाण्यात रिठ्यानं धुतो. मी पाहिलेले पुरुझगर साठीचे होते, डोळ्यांना जाड भिंग, आणि हातातला चिमटा असा चालत होता की वाटावं भांग पाडतायत. त्यांच्याही घरी पुढे हे कोणी करणार नव्हतं. हे वाक्य त्या गल्लीत मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी विचारायचं बंद केलं.

कानी शाल हा तर वेगळाच प्रांत. बडगाम जिल्ह्यात मागामजवळ कनिहामा गावात माग आहेत. तिथे भरतकाम नाही, नक्षीच विणीत असते. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. रंगागणिक लाकडाच्या छोट्या काड्या, प्रत्येकीवर एकेक रंगाचा धागा, आणि जिथे तो रंग संपतो तिथे ती काडी शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवायची. येवल्याला पैठणीचा पदर विणताना बघितला असेल, तिथल्या तिल्ल्या आठवत असतील, तर हे चटकन कळेल. फरक हा की येवल्यात रेशमाचा माज असतो आणि इथे श्वास रोखून काम. कुठल्या रंगाचे किती धागे उचलायचे ते कागदाच्या पट्टीवर खुणांच्या लिपीत लिहिलेलं असतं, त्याला तालीम म्हणतात. एक जण वाचतो, विणणारे हुंकार देतात, पुढे सरकतात. दिवसाला बोटभर वीण झाली तरी खूप. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त एका शालीला. पैठणी पारखणारी आमची आजी आधी पदर उलटून बघायची. कानीलाही तेच: उलट्या बाजूला रंग जिथे बदलतो तिथे धागे एकमेकांत गुंतल्याची नाजूक कड बोटाला लागते. नक्षी यंत्रानं विणणाऱ्या जॅकार्ड मागावर काढलेल्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापून टाकलेले असतात. आता ही नक्कल अमृतसरच्या यंत्रमागावर इतकी सफाईनं होते की समोरून बघून मीही पैज लावणार नाही.

शाल एवढी उलटून बघितली की तिच्या कहाणीची उलटी बाजूही बघावीच लागते. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर काश्मिरी शाली फ्रान्समध्ये पोचल्या, जोसेफिननं त्यांचा ढीग जमवला, आणि आपल्या कोयरीनं युरोपला वेड लावलं, हे सगळेच कौतुकानं सांगतात. १८४६ च्या अमृतसरच्या तहात इंग्रजांनी गुलाबसिंगांना काश्मीर दिलं, त्या बदल्यात पंच्याहत्तर लाख रुपये घेतले, शिवाय दर वर्षी खंडणी म्हणून एक घोडा, बारा शेळ्या-बोकड आणि शालींच्या तीन जोड्या. हेही मजेनं सांगितलं जातं. कमी सांगितलं जातं ते असं की तेव्हा प्रत्येक शालीवर शिक्का मारून कर घेणारं दाग-शाल नावाचं खातं होतं, कर इतका की विणकराच्या हातात जेवणापुरतंही उरत नसे, आणि काम सोडून जायचीही त्याला मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ ला श्रीनगरात झालदगरच्या मैदानावर विणकर जमले. फौज आली. पळताना कित्येक जण कालव्यात बुडाले. अठ्ठावीस जण गेले असं सांगतात. शिकागोच्या कामगारांच्या एकवीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि मे दिनाच्या आपल्याकडच्या एकाही भाषणात मी ती ऐकलेली नाही. पाचच वर्षांत फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, पॅरिसची गिऱ्हाइकी बुडाली. स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या मागांवरच्या नकलांनी बाजार आधीच पोखरला होता. १८७७ च्या दुष्काळानं उरलेसुरले विणकर नेले. संग्रहालयात काचेमागे त्या काळातली लांबलचक शाल दिसते तेव्हा मी आता जवळ जाऊन जोड शोधते. त्या शाली बऱ्याचदा निरनिराळ्या मागांवर तुकड्यातुकड्यांनी विणून मग रफूगरांनी जोडलेल्या आहेत. जोड सापडत नाही. सापडू नये असाच तो घातलेला असतो.

दूरच्या नात्यातल्या एका घरी मला शाहतूश, म्हणजे चिरू नावाच्या तिबेटी हरणाच्या लवेची शाल, दाखवण्यात आली. दार लावून, बरं का. ती मी हातात घेतली आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर सगळी तत्त्वं विसरले. पश्मिना तिच्यापुढे जाडीभरडी वाटेल. घरच्या काकूंनी तीच जुनी कहाणी ऐकवली की तिबेटातली हरणं झुडपांना अंग घासतात, गुराखी ती लव वेचतात. तिबेटापर्यंत पसरलेल्या त्या चांगथांगला अंग घासायला झुडपं जवळपास नाहीतच. चिरू हा रानटी प्राणी, त्याला पकडून विंचरता येत नाही. गोळी घालून कातडं सोलावं लागतं, एका शालीला तीन ते पाच. १९७९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे, भारतात तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतो, आणि २००२ साली जम्मू-काश्मीरच्या कायद्यानंही हे दार लावलं. काकूंना मी एवढंच म्हटलं की ही कुणाला विकायला जाऊ नका. त्या म्हणाल्या, "विकते कशाला, सुनेला देणार." काय बोलणार. त्या मऊपणाची आठवण मात्र बोटांना राहिली आहे, आणि तिचा राग येतो.

आत्याच्या शालीला गेल्या पावसाळ्यात कसर लागली. मधोमध, चवलीएवढं भोक. पुण्यातले रफूवाले पँटी आणि सूट छान करतात, पण शाल हातात घेऊन दोघांनी प्रामाणिकपणे परत दिली. शेवटी दिल्लीतल्या मैत्रिणीनं एक रफूगर गाठून दिले, मूळचे उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे. त्या गावाची शाली सांधण्यात पिढ्यांची ख्याती आहे. त्यांनी शालीच्या कडेचे धागे काढून घेतले आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढलं. उलट्या बाजूनं बोट फिरवलं तर कळतं, सुलट्या बाजूनं नाही. तेव्हापासून मी ती जपून ठेवणं बंद केलं आहे. पेटीत बंद राहते तिलाच कसर लागते. जी वापरात असते, उन्हावाऱ्याला लागते, ती टिकते. गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात दोन मिनिटं, पिळायची नाही, पंचावर पसरून सावलीत. डांबराच्या गोळ्यांऐवजी मलमलच्या फडक्यात कडुलिंबाचा पाला. परवा नाशिकच्या शिवनेरीत तिच्यावर चहा सांडला, तो निघालाही.

या दिवाळीत भाचीनं विचारलं, "मावशी, मैत्रिणींना पश्मिना द्यायची आहे, पाच जणी आहेत, दहा हजारांत बसव." मी जरा खुलले. म्हटलं, पाच कशाला, तेवढ्यात एक स्टोल येईल हातकताईचा, तो तूच घे; रंग न दिलेला घे, शेळीच्या अंगचा; चिठ्ठी मागून घे, खिडकीशी नेऊन बघ. आपांचं सांगितलं, पुरुझगरांचं सांगितलं, तालीम कशी वाचतात तेही सांगितलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं, मधेमधे प्रश्नही चांगले विचारले. चार दिवसांनी फोनवर फोटो आला: पाच व्हिस्कोसच्या ओढण्या, पाच रंग, प्रत्येकीच्या साडीला जुळणारे. खरं तर छानच होत्या, पुण्याच्या थंडीला तेवढं पुरतंही. मी फक्त इतकं म्हटलं, "देताना पश्मिना म्हणू नकोस म्हणजे झालं."

"मावशी, स्टिकरवर लिहिलंयच," ती म्हणाली.